मोट, मिलो आणि शुगरची गोळी



शाळूची काढणी चालू आहे. सकाळी ताटं दवानं ओली असतात, म्हणून माणसं जरा ऊन चढल्यावरच रानात उतरतात. आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, ते बांधावर खुर्ची टाकून बसतात. एके काळी ज्वारी उपटायला लागले की दादांच्या पाथीला कुणी पुरं पडायचं नाही. आता ते रानात उतरत नाहीत. उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली.

झालं होतं एवढंच की बाभळीचा काटा चपलेच्या तळातून आत गेला. दादांना तो कळलाच नाही. दुखलंच नाही तर कळणार कसं? तिसऱ्या दिवशी वहिनींना अंथरुणावर डाग दिसला, तोवर पाय आतून पिकला होता. शुगरनं पायाच्या शिरा आधीच बधिर केल्या होत्या, काटा फक्त निमित्त झाला.

या पानावर मी एरवी वाणाचं, खताचं, पाण्याचं लिहितो. पण गेली दोन वर्षं एक प्रश्न डोक्यातून जात नाही. दादा म्हणजे काडीपैलवान माणूस. पोट नाही, व्यसन नाही, मिठाईचा शौक नाही. घरात तीन पिढ्या ज्वारीची भाकरी. डॉक्टरांनी पहिल्यांदा शुगर सांगितली तेव्हा दादा हसले होते. म्हणाले, "मी काय शेठजी हाय का शुगर व्हायला?" शेठजींचा म्हणून माहीत असलेला हा रोग आमच्या कोरडवाहू घरात आला कुठून? त्याचा माग काढत गेलो तेव्हा तो आमच्याच रानातून, आमच्याच ताटातून निघाला. तो इतिहास आज लिहितो. जरा लांबेल, पण सवडीनं वाचा.

विहीर खणायचं औषध

रोग नवा नाही. आपल्याकडं चरक आणि सुश्रुत या दोघांच्या ग्रंथांत प्रमेह आणि मधुमेह यांचं वर्णन आहे. चरकांनी दिलेली कारणं आज वाचली तरी चपापायला होतं: सुखानं बसून राहणं, सुखानं झोपणं, दही, नवं धान्य, गुळाचे पदार्थ. पथ्यात त्यांनी जवाला मोठी जागा दिली.

सुश्रुतांनी रोग्यांचे दोन प्रकार केले. एक जन्मापासून रोग घेऊन आलेला, तो कृश असतो. दुसरा खाण्यापिण्याच्या चुकीनं झालेला, तो बहुधा स्थूल असतो. आणि उपाय काय सांगितले? अनवाणी दूर दूर चालत जावं, गाईंच्या मागं हिंडावं, नांगर धरावा, विहीर खणावी. म्हणजे आपल्या बापजाद्यांचा रोजचा उद्योग हा त्या ग्रंथात औषध म्हणून लिहिलेला आहे! त्यातच आणखी एक सूचना आहे की कृश रोग्याला मात्र जपावं, त्याच्याकडून असं राबवून घेऊ नये. ही सूचना लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

तिकडं फ्रान्समध्ये बुशार्दा नावाचे वैद्य होते. १८७०-७१ च्या हिवाळ्यात पॅरिसला जर्मन फौजांचा वेढा पडला, शहरात अन्नाची टंचाई झाली. बुशार्दांच्या लक्षात आलं की त्यांच्या मधुमेही रोग्यांच्या लघवीतली साखर कमी होते आहे, काहींची नाहीशीच होते आहे. पोटभर मिळेना तेव्हा रोग हटला. ते रोग्यांना कमी खायला आणि अंगमेहनत करायला सांगत.

पण नुसत्या पथ्यानं सगळ्यांचं भागत नव्हतं. ज्या लेकरांच्या शरीरात इन्शुलिन तयारच होत नाही, त्यांना इन्शुलिन सापडायच्या आधी अगदी अर्धपोटी ठेवून थोडे दिवस जगवायचे, एवढाच इलाज होता. जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातल्या टोरांटो शहरात लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्शुलिन टोचलं आणि तो वाचला. पथ्य आणि औषध यांचं भांडण लावणाऱ्यांनी हे विसरू नये. दादांचं पुढं जे झालं ते याच भांडणापायी झालं.

एका एकराला १८ किलोमीटर

आता आपल्या रानात येऊ.

आमचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं. निम्मं रान काळं, कोरडवाहू, शाळूचं. निम्मं नंतर कालव्याखाली आलेलं. आजोबांच्या काळी विहिरीवर मोट होती. बैलांबरोबर धावेवरून खाली जायचं, मोट रिकामी झाली की मागं यायचं, पुन्हा खाली. पहाटेपासून कासराभर दिवस वर येईस्तोवर हेच. घरात आजी आणि चुलत आजी कोंबड्याच्या बांगेला जात्यावर बसायच्या.

मी एकदा सहज हिशोब केला. बैलाच्या नांगराचं तास साधारण एक वीत रुंद, म्हणजे २० ते २२ सेंटिमीटर. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. भागाकार करा. एक एकर नांगरायला माणूस नांगरामागं १८ ते २० किलोमीटर चालायचा, तेही ढेकळांतून, नांगराची मूठ दाबून धरत. वर कुळवाच्या पाळ्या, पेरणी, कोळपणी वेगळ्याच. आजोबा दोन-तीन भाकऱ्या, आमटी आणि कांदा एका बैठकीला खायचे, आणि संध्याकाळपर्यंत त्यातलं सगळं खर्ची पडायचं.

कुणी याचा अर्थ "जुनं ते सोनं" असा काढू नका. आजीच्या सात बाळंतपणांतली तीनच लेकरं जगली. पावसानं दगा दिला की घर अर्धपोटी राहायचं. आणि घरातल्या बाईच्या ताटात सगळ्यांचं झाल्यावर उरेल तेच पडायचं. हा मुद्दाही धरून ठेवा.

बहात्तरचा दुष्काळ

१९७२ चा दुष्काळ आमच्याकडं अजून "बहात्तर" एवढ्यावरच ओळखला जातो. रब्बीची पेर झालीच नाही. दुष्काळी कामं निघाली: नालाबांध, पाझर तलाव, रस्त्याची खडी. यातूनच पुढं रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. कामावर सुकडी मिळायची. रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी, मिलो. तिच्या भाकरीला ना चव, ना चिकटपणा, थापताना तुटायची. पण त्या मिलोनं माणसं जगवली, हे विसरून चालणार नाही.

आई त्या वर्षी खडी फोडायला जायची आणि पोटात दादा होते. दिवसभर उन्हात हातोडा, रात्री मिलोची भाकरी आणि चटणी. भाजीपाला नाही, दूध नाही, कारण जनावरं छावणीत. १९७३ च्या उन्हाळ्यात दादा झाले. आई सांगते, "एवढुसा होता, सुपात मावंल असा."

आता याला जोडून एक अभ्यास सांगतो. तो आपल्याच मातीत झालेला आहे, म्हणून प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात माहीत असायला हवा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांची आणि त्यांच्या लेकरांची नोंद ठेवायला सुरुवात केली. या शेतकरी घरांतल्या बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो निघालं, आणि इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं सुमारे ३.५ किलो. आपली बाळं लहानखुरी हे तर माहीतच होतं. नवी गोष्ट अशी की त्यांच्या अंगात मांस कमी होतं, पण चरबी त्या मानानं टिकून होती. वरून बारीक, आतून चरबीचा वाटा जास्त. ज्या गरोदर बाया पालेभाजी, दूध, फळं जास्त वेळा खात होत्या त्यांची बाळं मोठी निघाली. ज्यांना कष्टाचं काम जास्त होतं त्यांची लहान.

याचा अर्थ डॉक्टर मंडळी असा लावतात की पोटात असतानाच उपास घडलेलं शरीर तुटीच्या हिशोबानं बांधलं जातं. मिळेल ते चरबी करून साठवायचं आणि मांसावर कमी खर्च करायचा. रक्तातली साखर मुख्यतः मांसच उचलतं. मांस कमी असेल तर साखर उचलायला जागा कमी. असं शरीर आयुष्यभर तुटीतच राहिलं तर निभावून जातं. पुढं त्याला भरपूर खाणं आणि कमी काम मिळालं की ते कोलमडतं.

याच याज्ञिकांचा एक गमतीचा दाखला आहे. २००४ साली त्यांनी आणि युडकिन नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी स्वतःचीच मापं छापली. उंचीच्या मानानं वजनाचा जो आकडा काढतात, तो दोघांचाही सारखाच, २२.३. दिसायला दोघंही सडपातळ. पण युडकिनांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. काट्यावर सारखे, आतून दुप्पट फरक.

हे वाचलं तेव्हा दादा डोळ्यांसमोर आले. एका माणसाचा रोग अमुक एका दुष्काळानंच झाला असं छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. पण "बारीक माणसाला शुगर होत नाही" या आमच्या समजुतीचं बूड मात्र त्या दिवशी निघालं. सुश्रुतांनी कृश रोगी वेगळा काढला होता तो उगाच नाही.

ताट कसं बदललं

बहात्तरच्या आधीच हायब्रीड आलं होतं. १९६४ साली सीएसएच-१ हा आपल्या देशातला ज्वारीचा पहिला संकरित वाण निघाला. बुटका, लवकर येणारा, उताराला भारी. त्यानं धान्य वाढवलं, हे कबूलच करायला हवं. पण खरीप ज्वारीचं दाणं भरायच्या वेळी परतीचा पाऊस गाठला की कणसं काळी पडायची. त्या काळ्या दाण्याची भाकरी लेकरं पुढ्यातून सारायची. कडबाही आखूड, बैल तोंड लावायचे नाहीत. पुढं नव्वदच्या दशकापासून मराठवाड्यात, विदर्भात खरिपाची ज्वारी हटत गेली आणि तिच्या जागी सोयाबीन आलं.

आमचा शाळू टिकला तो मालदांडीच्या जोरावर. एम ३५-१ हा वाण आमच्याच जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रात निवडलेला. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर पुढं भौगोलिक मानांकन मिळालं. पण शाळूचं क्षेत्रही आकसलं, आणि त्याची कारणं कुणी शहाण्यानं "लोकांना चव राहिली नाही" अशी सांगू नयेत. पाखरं राखायला माणूस नाही. उपटायला मजूर नाही, मिळाला तर परवडत नाही. भाव कधी खर्चाला पुरला नाही. आणि १९८० साली उजनी धरण पुरं झालं, हळूहळू पाणी आलं, तसा ऊस आला. १९५० च्या सुमाराला प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा करून दाखवला होता, तीच वाट पुढं आमच्या जिल्ह्यानं धरली. पाण्याचा भरवसा, कारखान्याकडून पैसा, राखणीची कटकट नाही. उसानं आमचं घर पक्कं झालं, पोरं शिकली. मी उसाला शिव्या देणार नाही.

पण त्याच्याबरोबर ताट बदललं. रेशनवर गहू-तांदूळ. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात माणशी ५ किलो धान्य ठरलं: तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये, भरड धान्य १ रुपया किलो. २०२३ पासून ते फुकट झालं. भरड धान्य कायद्यात आहे, पण आमच्याकडं वर्षानुवर्षं पोत्यातून गहू आणि तांदूळच निघाला. जे घरात येतं तेच चुलीवर जातं. चपाती पाव्हण्यांची होती ती रोजची झाली. भात सणाचा होता तो रात्रीचा झाला.

आणि चहा! आजोबांच्या वेळी सकाळचा एक, तोही गुळाचा. आता उठल्यावर, रानात जाताना, माणसं आली की, दुधाच्या डेअरीवर, पारावर, संध्याकाळी. सहा कप, प्रत्येकात दोन चमचे साखर. एक चमचा ५ ग्रॅम धरा. दिवसाला ६० ग्रॅम, महिन्याला एका माणसाची पावणेदोन किलोवर साखर नुसत्या चहात! जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलेली चांगली मर्यादा सगळं मिळून दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास आहे. "मी गोड खात नाही" म्हणणारे दादा सहा कप चहा पीत होते.

पाय कसे थांबले

मोट गेली, ऑइल इंजिन आलं. इंजिन गेलं, विजेची मोटर आली. तरी रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन विहिरीपर्यंत जावं तर लागायचं. आता मोबाइलचा स्टार्टर बसवलाय. घरात खाटेवर पडून मिस कॉल दिला की मोटर सुरू. ठिबक आलं, दारं धरणं गेलं. बैल गेले, ट्रॅक्टर आला. एकर नांगरायला जे १८ किलोमीटर चालणं होतं ते सीटवर बसून होतं. शेताला जायला फटफटी.

यातली एकही सोय मी परत देणार नाही. रात्री विहिरीवर जाताना साप चावून माणसं गेलेली पाहिली आहेत. जात्यावर आजीच्या हाताला पडलेले घट्टे आठवतात. पण जमाखर्च मांडायला नको का? जमा तीच राहिली, उलट वाढली. खर्च मात्र एका पिढीत पार खाली आला. वहीत असं झालं तर आपण म्हणू शिल्लक वाढली. शरीरात ती शिल्लक शुगर होऊन उभी राहते.

आणि हे आमच्या एका घराचं नाही. २०२३ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचे आकडे आले. देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आणि १३ कोटी ६० लाख लोक उंबरठ्यावर. शहरात अजून प्रमाण जास्त आहे, १६.४ टक्के, खेड्यात ८.९. पण उंबरठ्यावर उभे असलेल्यांत शहर आणि गाव यांत जवळपास फरकच उरलेला नाही. म्हणजे पुढची रांग गावातही तेवढीच लांब आहे.

दादांचं कुठं चुकलं

२०१६ साली दादांना शुगर निघाली. गोळी सुरू झाली, दोन वर्षं बरं चाललं. मग मोबाइलवर कुणाचं तरी भाषण फिरत आलं: गहू सोडा, ज्वारी खा, गोळी बंद करा, शुगर मुळापासून जाते. ज्वारीवाल्या शेतकऱ्याला हे ऐकायला किती गोड लागलं असेल! दादांनी चपाती बंद केली, गोळीही बंद केली, आणि तीन वेळा पोटभर भाकरी खायला लागले. साखरेऐवजी चहात गूळ, "तो नैसर्गिक" म्हणून. वर्षभर तपासणी नाही. मीही काही बोललो नाही, कारण मलाही ते पटलं होतं. हे माझ्या मनाला अजून लागून आहे.

आता हिशोब बघा. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात ६५ ते ७० ग्रॅम पिष्ट असतं. न चाळलेल्या गव्हाच्या पिठातही जवळपास तेवढंच. पिष्टाची शेवटी साखरच होते. आमच्या घरची एक भाकरी म्हणजे ८० ग्रॅम पीठ. तीन भाकऱ्या म्हणजे दीडशे ग्रॅमवर पिष्ट, एका बैठकीला. ज्वारी चांगली आहे, तंतुमय आहे, आख्खी दळली जाते, कोरड्यासाबरोबर आणि उसळीबरोबर खाल्ली जाते, म्हणून पांढऱ्या भातापेक्षा आणि मैद्यापेक्षा ती कधीही बरी. पण ती औषध नाही. आजोबांना तीन भाकऱ्या पचल्या त्या ज्वारीच्या गुणानं नाही, नांगरामागच्या १८ किलोमीटरांनी पचल्या. आणि गुळाची साखर ही साखरच आहे.

२०२३ हे भरड धान्याचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, ज्वारीला मान आला, आनंद आहे. पण आपण ज्वारी पिकवणाऱ्यांनीच ती "शुगर घालवते" म्हणून विकू नये. आपल्या मालाची खोटी जाहिरात शेवटी आपल्याच घरात येऊन बसते. आमच्या घरात ती बसली.

मग करायचं काय

खरं काय ठरलंय ते सांगतो. मद्रासला, म्हणजे आताच्या चेन्नईत, डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटानं उंबरठ्यावरच्या ५३१ लोकांवर तीन वर्षं अभ्यास केला, २००६ साली तो छापला. रोज अर्धा तास भरभर चालणं आणि खाण्यात साखर, तेल, पिष्ट यांवर लगाम एवढंच एका गटाला सांगितलं. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झालं. विशेष म्हणजे त्यांचं वजन फारसं उतरलं नव्हतं, तरीही फायदा झाला. आपल्यासारख्या मुळातच बारीक माणसांना हे महत्त्वाचं आहे. उपाशी राहून आणखी वाळायचं नाही. मांस टिकवायचं आणि पायांना काम द्यायचं. सुश्रुतांचं "कृशाला जपा" इथं आठवतं.

आमच्या घरात दादांचा पाय गेल्यावर, डॉक्टरांना विचारून जे सुरू केलं ते असं:

ताटात आधी भाजी वाढायची. निम्मं ताट पालेभाजी, फळभाजी, काकडी, मुळा. पाव ताट मटकी, हुलगा, मूग, हरभरा यांची उसळ किंवा घट्ट वरण, मांसाहारी घरात अंडी, मासे. उरलेल्या पाव ताटात भाकरी, एक किंवा दीड. भात असला तर भाकरी कमी.

चहा दोन वेळा, साखर नाही. पहिले पंधरा दिवस जड जातात, मग गोडच चहा नकोसा होतो.

रात्रीचं जेवण आठच्या आत, आणि जेवल्यावर लगेच खाटेवर न पडता गावाच्या वेशीपर्यंत फेरी. मी मोबाइल स्टार्टर ठेवला आहे, पण सकाळी मोटर बघायला पायीच जातो. जाऊन-येऊन तीन किलोमीटर होतात, आणि उसातला किडा-रोगही चार दिवस आधी दिसतो, हा वरचा फायदा.

हुरडा खातो, पण मूठभर, आणि गूळ-जिलेबीशिवाय, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर.

गोळी आणि इन्शुलिन डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय कमी-जास्त नाही. कुणाचं औषध पथ्यानं खरंच कमी होतं, पण ते तपासणी बघून डॉक्टर ठरवतात, मोबाइल नाही.

गोळी किंवा इन्शुलिन घेऊन उपाशीपोटी फवारणीला, काढणीला जायचं नाही. घाम फुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढं अंधारी आली तर शुगर एकदम उतरलेली असू शकते. खिशात साखरेची पुडी ठेवायची आणि लगेच तीन-चार चमचे खायची. तेव्हा साखर हेच औषध. बरोबरच्या माणसालाही हे सांगून ठेवायचं.

शुगरवाल्यानं अनवाणी चालायचं नाही, घरातसुद्धा. जुन्या ग्रंथातलं अनवाणी चालणं आजच्या बधिर पायाला नाही. बूट घालण्याआधी झटकायचा, रात्री मोबाइलच्या उजेडात दोन्ही तळवे बघायचे किंवा कुणाला तरी बघायला लावायचे. जखम दिसली तर हळद भरून वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकानं, बारीक असला तरी, वर्षातून एकदा तपासायचं. उपाशीपोटी १०० च्या आत ठीक, १०० ते १२५ उंबरठा, १२६ किंवा वर आलं तर पुन्हा तपासून खात्री करायची. तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी ५.७ च्या खाली हवी, ६.५ आणि वर म्हणजे मधुमेह. माझी गेल्या वर्षी ६.१ होती, आता ५.८ आहे. उपकेंद्रात आशाताई बोलावतात तेव्हा "मला काय झालंय" म्हणून टाळू नका.

आणि शेवटचं, माझ्या मते सगळ्यांत मोठं. घरात सून, लेक गरोदर असेल तर तिला आधी वाढा. हिरवी भाजी, दूध, डाळ, फळ तिच्या ताटात पहिलं पडू द्या. त्या महिन्यांत जड काम तिच्याकडून काढून घ्या आणि तिचीही शुगर तपासून घ्या. सहा गावांच्या त्या अभ्यासाचा डॉक्टर मंडळी लावतात तो अर्थ हाच की पुढच्या शुगरची पेरणी तिथं होते. पेरणी चुकली तर नंतर कितीही खुरपलं तरी तूट भरून निघत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

माझ्या आईला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगून तरी काय, बहात्तरला द्यायला घरात होतं काय? आज आपल्या परड्यात मेथी आहे, गोठ्यात दूध आहे. आपल्याला सबब नाही.

काल दुपारी शाळूची पहिली पेंढी बांधली तेव्हा दादा बांधावरून ओरडले, "अरे, ताट मुळापासून उपटा, बुडखं ठेवू नका!" बसल्या जागेवरून का होईना, रान त्यांचंच आहे. संध्याकाळी नवा खास बूट घालून ते माझ्याबरोबर विहिरीपर्यंत चालत आले. हळूहळू, पण आले.

तुमच्याकडं मिलोच्या, मोटेच्या आठवणी सांगणारं कुणी असेल तर त्यांना विचारून लिहा. आणि पुढच्या आठवड्यात एकदा उपाशीपोटी जाऊन रक्त तपासून या. शाळूच्या उताऱ्याचं पुढच्या नोंदीत लिहितो.

राम राम.